निऑनमध्ये शब्दखेळ? आधी दोन अक्षरांनी सुरुवात कर

निऑन दिव्यांत अख्खी कविता करायची म्हणतोस? अरे, उत्साह मस्तच, पण पहिल्याच कामात नको! अमेरिकन कलाकार ब्रूस नॉमनचं 1970चं 'रॉ वॉर' हे निऑनचं काम बघ: R, A, W ही तीनच इंग्रजी अक्षरं, उलटसुलट वाचायची. गंमत सगळी पेटण्या-विझण्याच्या क्रमात आहे. तू 'रस' आणि 'सर' घेऊन बघ. वहीत लिहून बघ, असे आणखी सापडतील.

नवखे हमखास चुकतात ते इथे:

- शिरोरेषा अक्षरांच्याच सर्किटवर जोडतात. मग अक्षरं सुटी पेटतच नाहीत. तिला वेगळी वायर दे, किंवा सरळ काढून टाक (मला तेच आवडतं).
- खऱ्या निऑनच्या काचेच्या नळीने सुरुवात करतात. तिला हजारो व्होल्ट लागतात, सध्या नकोच. मुंबईत लोहार चाळीच्या इलेक्ट्रिक बाजारात 12 व्होल्टची एलईडी निऑन पट्टी (निऑनसारखी दिसणारी) शोध, तिच्यावरच्या खुणेवरच काप.
- रंग फार. एक पुरे.

टायमरचं नंतर बघू, आधी साध्या स्विचने खेळ.