बाजूच्या लेनवरचा माणूस : वाचकांचे प्रश्न

शूटिंगच्या या सदरात या वेळी ग्रिप, ट्रिगर, स्टान्स (उभं राहायची पद्धत) यावर फारसं कोणी विचारलेलंच नाही, बहुतेक सगळ्यांची तक्रार रेंजवर शेजारी उभ्या असलेल्या माणसाबद्दल आहे. म्हटलं चला, एकदा हाच विषय घेऊन टाकू.

प्रश्न : ताई, मी एअर पिस्तूल नुकतंच सुरू केलंय. शेजारच्या लेनवर एक सिनियर असतात, स्कोअर भारी आहे, सगळे त्यांना मान देतात. पण शॉट झाला की ते पिस्तूल हातात तसंच धरून मागे वळतात आणि गप्पा सुरू. परवा तर मझल (बॅरलचं, म्हणजे नळीचं तोंड) सरळ माझ्या पोटावरून फिरलं. मी दचकले तर हसून म्हणाले, "अगं रिकामं आहे ते." मी नवीन, वयानेही लहान, काय बोलणार?

उत्तर : बोलायचं, आणि त्याच सेकंदाला बोलायचं. इथे मान, वय, स्कोअर काहीही बघायचं नाही. एरवी मी सगळ्यांना सांगते की आधी शांतपणे घ्या, योग्य वेळ बघा, पण मझलच्या बाबतीत योग्य वेळ बघायची नसते कारण तोपर्यंत ते फिरून गेलेलं असतं. मोठ्याने दोनच शब्द, "मझल समोर!" बस. "तुम्ही नेहमी असंच करता", "तुम्हाला कळत नाही का" वगैरे नको, त्याने वाद सुरू होतो आणि वाद घालताना माणूस हातवारे करतो, हातात पिस्तूल आहे हे विसरून.

आणि ते "रिकामं आहे" प्रकरण. रेंजवर रिकामं म्हणजे कोणी तोंडाने सांगितलं म्हणून रिकामं नसतं. सेफ्टी फ्लॅग कशासाठी असतो? ती भडक रंगाची दोरी बॅरलच्या आरपार घातलेली असते आणि दोन्हीकडून बाहेर दिसते, म्हणजे पेलेट (एअर गनची छोटी गोळी) आत नाही हे लांबून कोणालाही दिसतं, विचारावं लागत नाही. आंतरराष्ट्रीय मॅचला तो सक्तीचा आहे. हे सिनियर तिथे खेळले असतील तर त्यांना हे माझ्यापेक्षा चांगलं माहीत असणार, म्हणजे इथे फक्त आळस आहे. आणि एअर पिस्तूल आहे म्हणून सोडून द्यायचं असंही नाही, ४.५ मिमीचं शिशाचं पेलेट असतं, जवळून डोळ्याला लागलं तर डोळा जातो.

ओरडून झालं की तू स्वतःचं पिस्तूल अनलोड करून टेबलावर ठेव, मझल टार्गेटकडे, आणि रेंज ऑफिसरला, म्हणजे रेंजवर देखरेख करणाऱ्याला, जाऊन सांग. चुगली वगैरे मनात आणू नकोस. मी स्वतः रेंज ऑफिसर म्हणून बसते, मागून सगळ्या लेन एकदम दिसत नाहीत, बाजूच्या शूटरने सांगितलं तरच खूप गोष्टी कळतात. आणि टार्गेटकडे कोणी गेलेलं असताना कोणी गनला नुसता हात जरी लावला तरी "स्टॉप" ओरडायचा हक्क रेंजवर उभ्या असलेल्या प्रत्येकाला आहे, नवीन असो की जुना. रेंज ऑफिसरच म्हणाला की "जाऊ दे, ते तसेच आहेत", तर मात्र वेळ बदल, नाहीतर रेंज बदल. तिथे तुझा स्कोअर वाढेल का नाही हा पुढचा प्रश्न आहे.

प्रश्न : मी एअर रायफल मारतो. शेजारी एकजण फोन स्पीकरवर ठेवून बोलतो, शॉट खराब गेला की शिव्या देतो, टेबलावर हात आपटतो. माझी सगळी मॅच प्रॅक्टिस वाया जाते. त्याला झापू का?

उत्तर : झापू नकोस, पण गप्पही बसू नकोस. आधी एक लक्षात घे, हा माणूस त्रासदायक आहे, धोकादायक नाही, आणि या दोघांची औषधं वेगळी आहेत. धोकादायक माणसाला तिथल्या तिथे थांबवायचं, त्रासदायक माणसाला तो रायफल खाली ठेवून पाणी प्यायला मागे येईल तेव्हा गाठायचं. तो नेम धरून उभा असताना खांद्यावर टकटक केलंस तर चूक तुझी, मग तो कितीही वाईट असो.

बोलताना मागणी छोटी ठेव. "मी आता साठ शॉटची मॅच मारतोय, तेवढा वेळ फोन बाहेर जाऊन घेतोस का?" इलेक्ट्रॉनिक टार्गेटवर साठ शॉटला ७५ मिनिटं असतात, म्हणजे तू त्याच्याकडे सव्वा तास मागतोयस, जन्मभर नाही. बहुतेक लोक ऐकतात, त्यांना खरंच कळलेलं नसतं कारण कानावर मफ (आवाज अडवणारं कानाचं झाकण) घातलेला माणूस स्वतःच्याही नकळत मोठ्याने बोलतो. नाही ऐकलं तर रेंज ऑफिसरकडे लेन बदलून माग. फोनबद्दल तर नियमच आहे बहुतेक ठिकाणी.

शिव्यांचं मात्र मला जरा वेगळं वाटतं. एअर रायफलच्या टार्गेटवर दहा मार्कांचा ठिपका अर्धा मिलिमीटरचा, त्यामुळे वैताग कोणालाही येतो, समजू शकते मी. पण दर शॉटला जाहीर वैताग करणाऱ्या माणसाला खरं तर प्रेक्षक हवे असतात, तू वळून बघणं बंद केलंस की अर्धा कार्यक्रम आपोआप बंद पडतो. 😄

अजून एक, तो डावखुरा आहे का आणि तुझ्या उजव्या हाताला उभा असतो का? उजवा रायफल शूटर उजवीकडे तोंड करून उभा राहतो आणि डावखुरा डावीकडे, म्हणजे तुम्ही दोघं पूर्ण वेळ एकमेकांच्या तोंडासमोर उभे, त्याची प्रत्येक हालचाल तुला दिसणारच. यात बिचाऱ्याचा काही दोष नाही, लेन बदला, संपला विषय.

आणि सगळंच शांत मिळेल ही अपेक्षाही सोड. मोठ्या मॅचच्या फायनलला आता म्युझिक चालू असतं, लोक टाळ्या पिटतात, ओरडतात. आठवड्यातून एखादा दिवस मुद्दाम गोंगाटात प्रॅक्टिस कर. हां, याचा अर्थ त्या फोनवाल्याचे आभार मान असा नाही.

प्रश्न : मी एकटी रेंजवर जाते. एक काका दर वेळी मागे येऊन उभे राहतात, "खांदा पाड", "श्वास सोड" चालूच असतं. मागच्या वेळी तर नेम धरलेला असताना माझं कोपर धरून वर केलं. माझे कोच वेगळे आहेत. काकांचा हेतू वाईट नसावा, पण...

उत्तर : हेतू गेला खड्ड्यात. लोडेड गन हातात असलेल्या माणसाला न विचारता हात लावायचा नाही, तुझा कोच असला तरी आधी सांगून, विचारून मगच. ट्रिगरवर बोट असताना कोणी कोपर हलवलं तर शॉट कुठे जाईल हे काकांना माहीत नाही असं कसं म्हणायचं? पुन्हा झालं तर आधी बोट ट्रिगरवरून काढ, गन टार्गेटच्याच दिशेने खाली घे, अनलोड कर, ठेव, आणि मग वळून सगळ्यांना ऐकू जाईल असं सांग, "काका, मला हात लावायचा नाही." सॉरी नाही, प्लीज नाही. आणि त्याच दिवशी रेंज ऑफिसरला सांग, वाट बघत बसू नकोस.

नुसता सल्ला असेल तर सोपं आहे. "काका, माझे कोच एकच गोष्ट करायला सांगतात, दुसरं ऐकलं की माझा गोंधळ होतो." पुढच्या वेळी उत्तरच द्यायचं नाही, मफ लाव आणि मार. मॅचमधेही फायरिंग लाइनवर कोचला बोलून शिकवता येत नाही, शूटरला मागे यावं लागतं, मग काका कोण लागून गेले.

प्रश्न : पॉइंट टू टू (०.२२ इंची गोळीच्या) रेंजवर डावीकडच्या माणसाच्या पिस्तुलातून गोळीची रिकामी, गरम केस (कवच) उडून माझ्या अंगावर येते. तो म्हणतो, "मी काय करू, गनच तशी आहे." आणि आवाजाचं काय करायचं?

उत्तर : गन तशी आहे हे खरं, बहुतेक ऑटोलोडिंग (पुढची गोळी आपोआप भरणाऱ्या) पिस्तुलांची केस उजवीकडेच उडते. पण मधे पडदा किंवा जाळी लावता येते, नाहीतर एक लेन सोडून उभं राहता येतं, हे त्याने स्वतःहून करायला हवं होतं. तू कॉलर बंद असलेला शर्ट घाल, चष्मा लाव. केस कॉलरमधून आत गेली तर माणूस चटका बसून गर्रकन फिरतो आणि सोबत पिस्तूलही फिरतं, खरी भीती ती आहे. जळू दे दोन सेकंद, आधी पिस्तूल समोर ठेव, मग शर्ट झटक.

आवाजाचंही विचारलंयस. कानात प्लग आणि वरून मफ असे दोन्ही लाव, अर्थात दोन्हीची बेरीज होत नाही, थोडासाच जास्त फायदा मिळतो, म्हणून मोठ्या बोअरवाला (जाड गोळीच्या गनवाला) शेजारी आला तर लांबची लेन घेणं जास्त बरं.

प्रश्न : शेजाऱ्याने चुकून माझ्या पेपर टार्गेटवर मारलं आणि गप्प बसला. माझे मार्क जातात का?

उत्तर : नाही, पण लगेच, पुढचा शॉट मारायच्या आधी रेंज ऑफिसरला सांगायचं. क्रॉस फायर (दुसऱ्याच्या टार्गेटवर मारलेला शॉट) आहे हे नक्की झालं आणि कुठलं भोक तुझं ते कळतच नसेल तर त्यातलं जास्त मार्कांचं तुला मिळतं, मारणाऱ्याला मिस, म्हणजे शून्य. गप्प बसला म्हणजे त्याला हे माहीत असणार 🙂