खुन्याला इस्टेट मिळते का हो?

प्रश्न: आमच्या महाल भागात संध्याकाळी ओट्यावर एकच विषय, क्राइम स्टोऱ्या. परवा जावेनं विचारलं, प्रॉपर्टीसाठी नवऱ्याला विष दिलं न् बाई पकडली गेली, तरी वारस म्हणून घर तिचंच ना? कोणालाच सांगता येईना. तुम्हीच सांगा.
– एक वाचक, नागपूर

उत्तर: नाही ताई, मिळत नाही. हिंदू वारसा कायदा १९५६, कलम २५ वाचा, ज्यानं खून केला किंवा करायला मदत केली तो मेलेल्या माणसाच्या इस्टेटीचा वारस होऊच शकत नाही, आणि कलम २७ तर म्हणतं की तो आधीच मेला असं धरून वाटणी करायची. म्हणजे ज्या घरासाठी एवढा खटाटोप केला त्या वाटणीत ही बाई जिवंतच नाही! पोरंबाळं असतील तर बापाच्या नात्यानं त्यांचा हक्क मात्र जात नाही, आईच्या पापाची शिक्षा लेकरांना नाही. हा विचार जुनाच आहे बरं, प्रिव्ही कौन्सिलनं (इंग्रजी अमलातलं सगळ्यात वरचं अपिलाचं कोर्ट) १९२४ सालीच तसा निकाल दिला होता, तिथं तर खुनी वारसाच्या नात्यानं दुसऱ्या कुणालाही हक्क सांगता येत नाही असं ठरलं. विम्याचंही तेच, नॉमिनीनंच मारलं तर पैसा त्याला नाही, बाकीचे वारस मागू शकतात. आता कोर्टात खून सिद्ध व्हायला किती वर्षं जातात आणि तोवर त्या घरात कोण राहतं, ते वेगळंच महाभारत. आणि जावेला विचारा, एवढ्या बारकाईनं का विचारत होती ते :)