इंग्लंडमधील खडूच्या (म्हणजे मऊ पांढऱ्या चुनखडीच्या) टेकड्यांवर प्रागैतिहासिक शेतांच्या खुणा साध्या डोळ्यांना दिसतात का, आणि त्यांसाठी एव्हबरीच्या सहलीत वेगळा वेळ काढावा का?

दिसतात, आणि ज्याने उतारावरची जमीन कसली आहे त्याला त्या पुरातत्त्वज्ञाच्या मदतीवाचून दिसतात. विल्टशर परगण्यात, प्राचीन शिळावर्तुळांसाठी प्रसिद्ध असलेल्या एव्हबरी गावाच्या पूर्वेला ओव्हरटन डाउन आणि फायफील्ड डाउन ही एकमेकांना लागून असलेली माळराने आहेत. तेथे गवताखाली चौकोनी शेतांच्या कडा अजून उभ्या आहेत, काही ठिकाणी तर माणूसभर उंच. एव्हबरीला येणारी आपली बहुतेक मंडळी शिळांच्या वर्तुळात छायाचित्रे काढून परत फिरतात आणि वर चढतच नाहीत, याचे मला मनापासून वाईट वाटते. ती वर्तुळे कोणी आणि कशासाठी उभारली यावर अजून वाद आहेत. ही शेते मात्र पोटासाठी कसलेली आहेत आणि त्यांत राबणाऱ्या माणसांचे काम आजही जमिनीवर वाचता येते.

उतार नांगरला की मोकळी झालेली माती पावसाने आणि नांगराच्या ओढीने खाली सरकते आणि खालच्या बांधाशी अडते. वरच्या कडेला माती झिजत जाऊन खडक उघडा पडतो, खालच्या कडेला थरावर थर चढतो, आणि पिढ्यानपिढ्या हे चालले की दोन शेतांच्या मध्ये पायरी तयार होते. तिला तिकडे लिंचेट म्हणतात. शेते लहान आणि चौकोनी असण्याला त्या काळच्या लाकडी नांगराचेही कारण दिले जाते: तो माती उलटत नाही, नुसती चिरतो, त्यामुळे एकदा उभी आणि एकदा आडवी अशी नांगरट करावी लागते. एव्हबरीजवळच साउथ स्ट्रीट येथे एका लांबट दफनटेकाडाखाली १९६० च्या दशकात उत्खनन झाले, तेव्हा खालच्या जमिनीत अशा उभ्याआडव्या रेघा सापडल्या. ते टेकाड इसवी सनपूर्व चौथ्या सहस्रकातील आहे, म्हणजे ती नांगरट त्याच्याही आधीची. आज दिसणारी चौकोनी शेते त्यानंतरची असून बहुतेक ठिकाणी त्यांची आखणी इ.स.पू. १५०० च्या सुमारास आणि पुढे झाली. काही शेते लोहयुगात, तर काही रोमन काळात पुन्हा कसली गेली.

माझ्या थोरल्या भावाला मी तेथे मुद्दाम नेले होते. आमची जमीन पुरंदर तालुक्यात डोंगराच्या पायथ्याच्या उतारावर आहे. तिच्यावर पूर्वजांनी घातलेले दगडमातीचे बांध होते, आणि तो मला भेटायला स्विंडनला आला त्याच्या आधीच्या उन्हाळ्यात त्याने त्यांतले बरेचसे जेसीबी लावून सपाट केले होते. बांधात जागा वाया जाते, ट्रॅक्टर वळत नाही, आणि परदेशात बसून बोलणाऱ्याला यातले काय कळते, असे त्याचे म्हणणे होते. फोनवर आमचे यावरून बरेच वाजले होते. त्यामुळे हिवाळ्यात तो आला तेव्हा मी त्याला लंडन दाखवण्याआधी ओव्हरटन हिलवर नेले आणि तेथून रिजवे या जुन्या वाटेने उत्तरेकडे चढू लागलो.

दुपारचे तीन वाजून गेले होते आणि सूर्य इतका खाली आला होता की ज्या माळावर जाताना काहीच दिसले नव्हते, तेथे परतताना एकेक कड सावली टाकून उभी राहिली. चौकोनाला लागून चौकोन, उतारभर. दादा काही बोलला नाही. तो एका कडेवरून खाली उतरला, सशांनी जेथे बीळ उकरले होते तेथे उकिडवा बसला आणि बाहेर पडलेली माती त्याने मुठीत घेऊन चुरली. करड्या रंगाची भुसभुशीत माती, तिच्यात खडूचे हरभऱ्याएवढे खडे आणि गारगोटीच्या कपच्या. मग तो वरच्या अंगाला गेला, बुटाच्या टाचेने गवताचे मूळ जरा हलवले, तर तेथे वीतभरही माती नव्हती, लगेच पांढरा खडू लागला. तो म्हणाला, “माती वरनं आलीय इथं.” मी त्याला तोपर्यंत एका शब्दाने काही समजावले नव्हते.

हे किती जुने, असे त्याने विचारले. तीन हजार वर्षे तरी, असे मी सांगितले, आणि ते कशावरून ठरवतात हेही सांगितले. त्या काळचे लोक उकिरड्यातील खत शेतात टाकत, त्याबरोबर चुलीची राख आणि फुटक्या भांड्यांचे तुकडे जात, आणि नांगराने झिजलेल्या त्या खापऱ्या आज मातीच्या थरांत सापडतात. पुरातत्त्वज्ञ पीटर फाउलर यांनी १९५९ पासून अनेक वर्षे याच माळांवर काम केले, त्यात हा पुरावा फार मोलाचा ठरला. उकिरड्याच्या खताबरोबर शेतात खापऱ्या येतात, हे दादाला नवीन नव्हते.

पण त्याने लगेच मला उलटे विचारले की आता येथे पिकते काय? मेंढ्या चरतात म्हणून हे राहिले, कोणी कसत असते तर राहिले असते का? कोणी कसले नाही म्हणून हे राहिले, एवढे त्याचे खरे आहे. फायफील्ड डाउनवर सार्सन नावाच्या कठीण वालुकाश्माच्या शिळा इतक्या विखुरलेल्या आहेत की नंतरच्या नांगराने तेथे फारसा हात घातला नाही. विल्टशरमधल्याच सॉल्सबरी प्लेन या खडूच्या पठारावर लष्कराने १८९७ पासून जमिनी घ्यायला सुरुवात केली, त्यामुळे तेथील शेतांच्या खुणा सरावाच्या मैदानांत वाचल्या. बाकीच्या खडूच्या टेकड्यांवर दुसऱ्या महायुद्धात आणि नंतरच्या दशकांत ट्रॅक्टर फिरले आणि असंख्य कडा भुईसपाट झाल्या. आता नांगरटीनंतर तेथे फिकट पट्टे तेवढे दिसतात. पण सपाट करणाऱ्यांचा हिशेब बरोबर होता असे यावरून मुळीच ठरत नाही. ब्रायटनजवळ रॉटिंगडीन येथे १९८७ च्या ऑक्टोबरमध्ये पाऊस झाला तेव्हा साउथ डाउन्स या खडूच्या टेकड्यांच्या पेरलेल्या उघड्या उतारांवरून माती गाळ होऊन लोकांच्या घरांत शिरली. उतारावरची माती कशाला तरी अडलीच पाहिजे, आणि हे ज्यांना लोखंडाचा फाळही ठाऊक नव्हता त्यांच्या शेतांत आजही दिसते. दादाला मी हे तेव्हाही सांगितले आणि अजून सांगतो.

आपल्या लोकांनी तेथे जावे असे मला वाटण्याचे आणखी एक कारण आहे. ही शेते आकाशातून ओळखून त्यांचा अभ्यास मार्गी लावणारे पुरातत्त्वज्ञ ओ. जी. एस. क्रॉफर्ड यांचा जन्म १८८६ साली मुंबईत ब्रीच कँडी येथे झाला. जन्मानंतर काही दिवसांतच आई गेली आणि तान्हेपणीच त्यांना इंग्लंडला आत्यांकडे पाठवले गेले. १९२२ मध्ये हवाई दलाने काढलेली काही छायाचित्रे त्यांच्यापुढे आली, त्यांतील चौकोनी जाळे म्हणजे प्राचीन शेते आहेत हे त्यांनी ओळखले, आणि १९२४ मध्ये पुरातत्त्वज्ञ अलेक्झांडर कीलर यांच्यासोबत विमानातून या टेकड्यांची पद्धतशीर छायाचित्रे घेतली. त्यांनी त्यांना केल्टिक शेते म्हटले आणि ते नाव अजून चालते, जरी त्यांतील बरीचशी केल्ट या प्राचीन युरोपीय लोकांच्या कोणत्याही उल्लेखाहून जुनी आहेत. आज तर विमानातून लेसरने जमिनीचे चढउतार मोजून केलेले सरकारी लायडार नकाशे फुकट मिळतात. जाण्यापूर्वी ते घरबसल्या जरूर पाहावेत.

जायचे तर ऑक्टोबर ते मार्चमध्ये, सकाळी लवकर किंवा मावळतीच्या आधी जावे. जूनच्या भर दुपारी गेलात तर हिरव्या माळाखेरीज काही दिसणार नाही आणि मग मला दोष देऊ नये. तीव्र उतारावर लांबच लांब अरुंद पायऱ्या दिसल्या तर त्या बहुधा मध्ययुगीन असतात, आणि फायफील्ड डाउनवरच मध्ययुगीन नांगरटीचे वरंबे जुन्या शेतांवर चढलेले आहेत, तेव्हा प्रत्येक कड प्रागैतिहासिक समजू नये. सॉल्सबरी प्लेनवर लष्करी सरावाचे लाल निशाण दिसले की आत पाऊल टाकू नये. धातुशोधक यंत्र नेऊ नये, कारण संरक्षित स्मारकावर ते परवानगीशिवाय वापरणे हा गुन्हा आहे. आणि घरात कोणी शेती करणारे असेल तर एकटे न जाता त्यांना बरोबर न्यावे, त्यांना आपल्यापेक्षा अधिक दिसेल. आमच्या शेताच्या खालच्या अंगाचा एक बांध अजून शिल्लक आहे. दादा हे उत्तर वाचेल, म्हणून येथेच लिहितो की त्याने त्याला हात लावू नये.