दृढीकरणाची तयारी करताना

दृढीकरण, म्हणजे बाप्तिस्म्यानंतर पवित्र आत्म्याचं दान घेण्याचा कॅथलिक संस्कार, जवळ आलं की कपडे आणि फोटोंचीच चर्चा जास्त होते. ते होईलच. तू आधी धर्ममाता किंवा धर्मपिता, म्हणजे संस्काराच्या वेळी तुझ्यासोबत उभी राहणारी व्यक्ती, कोण, हे ठरव. ती व्यक्ती कॅथलिक, स्वतः दृढीकरण घेतलेली आणि साधारणपणे 16 वर्षं पूर्ण झालेली हवी. आई-वडील चालत नाहीत. बाप्तिस्म्याच्या वेळचीच व्यक्ती असेल तर उत्तम. केवळ नात्यातल्या मानपानासाठी कुणाला उभं करू नकोस. श्रद्धेबद्दल शंका आली तर जिच्याशी तू मोकळेपणाने बोलशील, तिलाच विचार.

पवित्र आत्म्याची सात दानं पाठ करायला लावतील, ती कर. पण रोज रात्री एकच दान घे, समज, सामर्थ्य, कुठलंही, आणि आज मला ते कुठे कमी पडलं ते पवित्र आत्म्याला सांग. माझ्या मते खरी तयारी हीच. बायबलमधलं प्रेषितांची कृत्ये, अध्याय 2 सावकाश वाच. दारं लावून बसणारे शिष्य लोकांसमोर कसे उभे राहिले ते बघ.

आदल्या आठवड्यात पापनिवेदन, म्हणजे धर्मगुरूंजवळ पापांची कबुली, उरकून घे, गर्दीत नको.

त्या दिवशी धर्ममाता तुझ्या खांद्यावर उजवा हात ठेवेल. बिशप क्रिझ्मा या पवित्र तेलाने कपाळावर क्रूसाची खूण करतील, तुझं नाव घेतील. ‘आमेन’ स्पष्ट म्हण, पुटपुटू नकोस. ‘शांती तुझ्याबरोबर असो’ म्हणतील, त्यालाही उत्तर द्यायचं असतं. आणि तेल लगेच पुसू नकोस, बाळा.