फिल कॉलिन्स मूळचा ड्रमर ना? मग एवढा मोठा सोलो गायक कसा झाला?

हो, ड्रमरच. १९७० मध्ये तो जेनेसिस या इंग्लिश बँडमध्ये ड्रम वाजवायला आला. १९७५ मध्ये गायक पीटर गॅब्रिएल बाहेर पडला, तेव्हा नव्या गायकाचा भरपूर शोध झाला, पण मनासारखा कुणी मिळेना. शेवटी माइक कॉलिन्सच्याच हाती आला. काखेत कळसा नि गावाला वळसा!

सोलोचं म्हणाल तर ते ठरवून झालेलं नाही. पहिला संसार मोडला आणि तो घरीच एकटा गाणी रेकॉर्ड करत बसला. त्यातून १९८१ चा 'फेस व्हॅल्यू' अल्बम आला आणि ब्रिटनमध्ये थेट पहिल्या क्रमांकावर गेला.

त्यातलं 'इन द एअर टुनाइट' हेडफोन लावून ऐका. साडेतीन मिनिटांहून जास्त वेळ नुसतं ड्रम मशीन, कीबोर्ड आणि दबका आवाज. मग अचानक खरे ड्रम धाडकन कोसळतात. त्या ड्रमचा घुमारा मुद्दाम मध्येच कापलेला आहे. गंमत म्हणजे ही युक्ती सापडली ती गॅब्रिएलच्याच सोलो अल्बमसाठी कॉलिन्स ड्रम वाजवत होता तेव्हा.

माझ्या मते त्याचा खरा शहाणपणा म्हणजे त्याने बँड लगेच सोडला नाही. १९९६ पर्यंत दोन्ही सांभाळलं. १३ जुलै १९८५ ला, लाइव्ह एड या दुष्काळग्रस्तांच्या मदतीसाठीच्या मोठ्या कॉन्सर्टच्या दिवशी, तर पठ्ठ्या लंडनमध्ये गाऊन कॉनकॉर्ड या अतिवेगवान विमानाने अमेरिकेला गेला आणि त्याच दिवशी फिलाडेल्फियातही स्टेजवर उभा राहिला.