दुपारी एकच कप चहा घेतला तरी छातीत धडधडतं, रात्री झोप लागत नाही. घरचे म्हणतात मनाचे खेळ. खरंच तसं असतं का?

नाही, मनाचे खेळ नाहीत. मला हा त्रास अकरा वर्षं आहे, आणि ‘चहानं कुठं असं होतं का’ हे ऐकून किती वाईट वाटतं ते मला माहीत आहे.

दिवसभर मेंदूत अडेनोसिन नावाचं द्रव्य साठतं, त्यानं झोप येते. चहातलं कॅफिन त्याची जागा अडवून बसतं. यकृत ते हळूहळू मोडतं, पण प्रत्येकाचा वेग निराळा. निम्मं कॅफिन उतरायला साधारण ५ तास लागतात. कुणाला २, तर कुणाला ९. म्हणजे चारच्या चहातलं निम्मं कॅफिन रात्री एकलाही तुमच्या अंगात असू शकतं. शेजारी बसून तोच चहा प्यायलेल्याचं केव्हाच उतरलेलं असतं.

पाळीसाठी हार्मोनच्या गोळ्या सुरू झाल्या आणि माझा त्रास एकदम वाढला. सकाळचा कप नेहमीचाच, पण अकरा वाजता ऑफिसात सही करताना पेन थरथरायचं. त्या गोळ्यांनी कॅफिन उतरायला जवळपास दुप्पट वेळ लागतो, हे डॉक्टरांनी नंतर सांगितलं. गरोदरपणात तर त्याहून जास्त. सिप्रोफ्लॉक्सासिनसारख्या अँटिबायोटिकनंही तसं होतं. तेव्हा तुमची कुठली औषधं चालू आहेत ते आधी बघा.

चहा एकदम तोडू नका. मी सोमवारी बंद केला आणि मंगळवारी डोकं असं ठणकलं की गोळी घेतली. रात्री पुन्हा टक्क जागी. पाकीट उलटून पाहिलं तर पॅरासिटामॉलच्या खाली कॅफिन लिहिलेलं! मग दोन आठवड्यांत कपाचा अर्धा कप केला. ग्रीन टीमध्येही कॅफिन असतंच, बरं का.

आता सकाळी नवाच्या आत अर्धा कप, बस. संध्याकाळी चहापावडर न घालता गवती चहा आणि आलं उकळते. कुणाकडे गेलं की आधण ठेवायच्या आतच सांगते, ‘काकू, मला कोकम सरबत चालेल.’ कप समोर आल्यावर नाही म्हटलं की त्यांना फार लागतं.

मात्र चहा न घेताही धडधडत असेल किंवा चक्कर येत असेल, तर ईसीजी, थायरॉइड आणि हिमोग्लोबिन तपासून घ्या. माझं तिन्ही नीट निघालं, तेव्हा कुठं घरच्यांनी चहाचं ऐकलं.