−३/४ आणि −५/७ यांत मोठी संख्या कोणती? आठवीतली मुलगी ऋण परिमेय संख्यांचा क्रम लावताना दर वेळी चुकते. नेमकी रीत काय?

मोठी −५/७.

३/४ हा ५/७ पेक्षा मोठा, एवढे मुलांना बहुतेक वेळा बरोबर सांगता येते. घोळ उणे चिन्ह लागल्यावर होतो. संख्यारेषेवर जी संख्या जास्त डावीकडे ती लहान, आणि −३/४ शून्यापासून जास्त दूर डावीकडे आहे. रुपयांत सांगायचे तर −३/४ म्हणजे हजारामागे ७५० रुपये देणे, −५/७ म्हणजे साधारण ७१४. देणे कमी त्याची बाजू वरचढ.

आता रीत. समजा −५/७, १/६, ४/−५, ०, −३/४ चढत्या क्रमाने लावायच्या आहेत. सगळ्यांत आधी छेद धन करून घ्या: ४/−५ चे −४/५. मग ऋण संख्या एका बाजूला, धन दुसऱ्या बाजूला, मध्ये शून्य. १/६ चा प्रश्न इथेच मिटला. लसावि काढताना त्याचा ६ धरायची गरज नाही. उरलेल्या तिघांच्या छेदांचा, म्हणजे ७, ५, ४ यांचा लसावि १४०. म्हणून −१००/१४०, −११२/१४०, −१०५/१४०. आता फक्त अंश बघायचे: −११२ < −१०५ < −१००. उत्तर: ४/−५ < −३/४ < −५/७ < ० < १/६. उत्तरात संख्या प्रश्नात दिल्या तशाच लिहाव्यात.

दोनच संख्या असतील तर लसाविची खटपट नको, तिरकस गुणाकार पुरतो. −३ × ७ = −२१ आणि −५ × ४ = −२०; −२१ लहान, म्हणून −३/४ लहान. पहिल्या अंशाचा गुणाकार डाव्या बाजूला लिहायचा, हा क्रम मोडू नये.

पण हा नियम दोन्ही छेद धन असतील तरच चालतो, आणि नेमके हेच विसरले जाते. ४/−५ आणि −३/४ यांचा तसाच तिरकस गुणाकार करून बघा: ४ × ४ = १६, (−३) × (−५) = १५. त्यावरून ४/−५ मोठी वाटेल. प्रत्यक्षात ती −०.८, दुसरी −०.७५, म्हणजे उत्तर उलटे आले. कारण साधे आहे: तिरकस गुणाकार म्हणजे दोन्ही बाजूंना दोन्ही छेदांनी गुणणे, आणि ऋण संख्येने गुणले की < चे > होते. (दोन्ही छेद ऋण असतील तर चिन्ह दोनदा उलटते आणि उत्तर योगायोगाने बरोबर येते, त्यामुळे ही चूक बरेच दिवस लपून राहते.)

दशांशात रूपांतर करूनही तुलना होते, पण दोन स्थळांवर थांबलात तर फसाल. १७/२४ आणि १२/१७ दोन्ही ०.७१ च्या आसपास येतात. तिरकस गुणाकाराने १७ × १७ = २८९ आणि १२ × २४ = २८८, म्हणजे १७/२४ मोठी; फरक अवघा १/४०८.